रिकाम्या चढायांचा हिशेब

क्रीडांगणावर हरणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दोन संघ उतरले की त्यांतला एक हरणारच. आपल्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ हरतो म्हणून विद्यार्थी कुरकुरतात, असा एक समज शिक्षकवर्गात पसरलेला आहे. तो दूर करावा, हा या लेखाचा पहिला हेतू. आमची तक्रार हरण्याबद्दल नसून न खेळता हरण्याबद्दल आहे. हाती भक्कम आघाडी असताना संघाने खेळ आवरता घ्यावा, संघातल्या सर्वांत चपळ चढाईपटूने कडेला उभ्या असलेल्या सरांच्या हाताकडे पाहत पाहत निदान रेषा ओलांडावी, तीस सेकंद कसेबसे काढावेत, कुणालाही न शिवता परत यावे, आणि अखेरीस दोन गुणांनी सामना गमवावा, हे पाहताना मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा जीव तळमळतो. ही तळमळ कागदावर मांडण्यासाठी वार्षिकांकासारखी दुसरी जागा नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या क्रीडाशिक्षकांविषयी आम्हा विद्यार्थ्यांच्या मनात आदरच आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या खेड्यांतून येणारी मुले शेवटच्या एस.टी.च्या आधी जेमतेम तासभर मैदानावर थांबू शकतात. त्या तासाभरात सर त्यांच्याकडून सारा सराव करून घेतात. मैदानातले खडे वेचण्यापासून बाहेरगावच्या सामन्याला जाताना मुलांच्या जेवणाची सोय पाहण्यापर्यंत सगळा भार त्यांच्यावरच असतो. प्रशिक्षकाचे महत्त्व आम्ही मुळीच कमी लेखत नाही. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे नमवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्या संघाच्या प्रशिक्षक आपल्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या. त्याच स्पर्धेत, १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदके जिंकणारा आपला पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडूनच १८-२७ असा हरला. नाव मोठे, इतिहास मोठा, म्हणून विजय आपोआप पदरात पडत नाही. चांगला प्रशिक्षक लाभला तर काल शिकू लागलेला संघही गुरूच्या देशाला हरवू शकतो. ज्याच्या हाती एवढे सामर्थ्य असते, त्याच्या निर्णयांची चर्चा व्हावी हेही ओघानेच आले.

ज्या प्राध्यापकांचा कबड्डीशी संबंध शाळेनंतर तुटला असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. आपल्या आजोबांच्या पिढीत हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी बादच राही. अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राही. आणि संजीवनीत आपल्या संघाने गुण मिळवला की बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत येई. आजची कबड्डी ही संजीवनीची वारस आहे. म्हणजे चढाईपटूने एक गडी टिपला, तर समोरचा एक बाहेर जातो आणि आपला एक आत येतो. एका चढाईत दुहेरी लाभ. उलट चढाईपटू पकडला गेला तर तोटाही तसाच दुहेरी. सातच्या सात गडी बाद झाले की लोण चढतो आणि दोन गुण अधिक जातात. प्रत्येक चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे, आणि पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो.

आता या खेळात एक वाट अशी होती की, आघाडी मिळाली की चढाईपटूने नुसते जायचे आणि यायचे. ना गुण, ना धोका. वेळ मात्र सरत राहतो. पाहणाऱ्याला जांभया येतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या वाटेवर बांध घालणारा नियम दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाही तर चढाईपटू बाद आणि समोरच्याला एक गुण. यालाच 'करो या मरो' चढाई म्हणतात. आता आपल्या सामन्यांतही याच नियमाने खेळ होतो. सावध खेळाचा अतिरेक हा खेळाला मारक आहे, हे नियम करणाऱ्यांनीच अशा रीतीने मान्य केले आहे. मान्य करावयाचे राहिले आहे ते आपल्यासारख्या संघांनी.

या नियमातली मेख नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथेच आहे. साध्या चढाईत तीन शक्यता असतात. चढाईपटू गुण घेऊन येईल, पकडला जाईल, किंवा रिकामा परत येईल. ही तिसरी शक्यता म्हणजे त्याची परतीची वाट. बचाव सावध दिसला, कोपरारक्षक दबा धरून बसलेला दिसला, तर तो माघार घेऊ शकतो आणि संघाचे काही बिघडत नाही. 'करो या मरो' चढाईत ही वाट बंद होते. तिथे दोनच शक्यता उरतात. बचाव करणाऱ्यांना थांबून राहायला हरकत नसते. घाई असते ती एकट्या चढाईपटूला. मग जो प्रशिक्षक पहिल्या दोन चढाया ठरवून रिकाम्या घालवतो, तो नेमके काय करतो? परतीची वाट उघडी असलेल्या दोन संधी तो टाकून देतो, आणि आपल्या उत्तम चढाईपटूला परतीची वाट नसलेल्या तिसऱ्या चढाईत पाठवतो. धोका टाळण्याच्या नावाखाली तो सारा धोका एका ठिकाणी गोळा करतो. याला सावधपणा कसे म्हणावे?

थोडा हिशेब करू. चाळीस मिनिटांत तीस सेकंदांच्या ऐंशी चढाया बसतात. म्हणजे प्रत्येक संघाला चाळीस. त्यांतल्या दर तीनांपैकी दोन ठरवून रिकाम्या सोडल्या, तर खऱ्या अर्थाने खेळलेल्या चढाया उरतात तेरा. चाळीस दिवसांची मजुरी समोर असताना तेरा दिवस कामावर जाणारा आणि तेही मुकादम सर्वांत कडक असेल तेच दिवस निवडणारा मजूर आपण शहाणा मानू काय?

गेल्या हंगामात आपल्या संघाचा एक आंतरमहाविद्यालयीन सामना मी शेवटपर्यंत पाहिला. मला आकडे टिपण्याची सवय असल्यामुळे वहीच्या मागल्या पानावर चढाया लिहीत गेलो. पूर्वार्धात आपली मुले मोकळेपणी खेळली आणि मध्यंतराला आपण १६-९ असे पुढे होतो. मध्यंतरानंतर खेळाचा नूरच पालटला. पहिल्या बारा मिनिटांत आपल्या संघाने बारा चढाया केल्या. त्यांतल्या आठ रिकाम्या आणि चार 'करो या मरो'. त्या चारांपैकी तीन एकाच मुलाच्या वाट्याला आल्या. आपला तो मुख्य चढाईपटू, ज्याने पूर्वार्धात एकट्याने निम्मे गुण आणले होते. तिन्ही वेळा समोरचे सात जण त्याची वाट पाहत उभे होते. एकदा तो निसटला, दोनदा पकडला गेला. दुसऱ्यांदा पकडला गेल्यावर त्याला आत आणण्यासाठी गुण मिळवणारे कुणी मैदानात उरले नाही, आणि आपल्यावर लोण चढला. शेवटी २६-२४ असा सामना गेला. उत्तरार्धात आपण मिळवलेले गुण आठ.

याच सामन्यात राखीव खेळाडूंत प्रथम वर्षाचा एक मुलगा बसून होता. सरावात त्याच्या हाताचा आणि पायाचा वेग आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला सामना संपायला दोन मिनिटे असताना, आपण मागे पडल्यावर, उतरवण्यात आले. अंगात ऊब नाही, समोरच्या बचावाचा अंदाज नाही, आणि डोक्यावर साऱ्या महाविद्यालयाचा भार. पहिल्याच चढाईत तो पकडला गेला. सामना संपल्यावर कुणीतरी म्हणाले, "बघा, म्हणूनच त्याला उतरवत नव्हते." हा न्याय अजब आहे. पोहायला न शिकवता पोराला पुराच्या दिवशी कयाधूत ढकलावे आणि बुडू लागला की म्हणावे, याला पाणी झेपतच नाही.

चढाईपटूचा उपयोग कसा करावा, याचे दोन चांगले नमुने आपल्या डोळ्यांसमोर आहेत. २०१७ च्या प्रो कबड्डी हंगामात पाटणा पायरेट्सने प्रदीप नरवालवर सारी भिस्त ठेवली. त्याने त्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले आणि संघ विजेता ठरला. एकाच्या खांद्यावर भार टाकायचा असेल तर त्याला असे मोकळे सोडावे लागते. त्याची 'डुबकी' कधी फसत असे, पण ती मारू नकोस असे त्याला सांगितले गेले असते तर तो प्रदीप नरवाल झालाच नसता. दुसरा नमुना पुणेरी पलटणचा. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून हा संघ प्रथमच विजेता झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्याचा कर्णधार. पण चढाईचे ओझे त्याच्या एकट्यावर नव्हते. पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे असे चढाईपटू दिमतीला होते. कुणाला रोखावे हेच समोरच्या बचावाला ठरवता येऊ नये, अशी ती रचना होती. एकाला मोकळे सोडा किंवा अनेकांना तयार करा, असे हे दोन मार्ग आहेत. आपण मात्र तिसराच मार्ग पत्करला आहे. भरवसा एकाच मुलावर टाकायचा, आणि त्याचे हात बांधून ठेवायचे.

हा रोग आपल्याच मैदानावरचा आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड इतके आहे की मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. तो फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. हाताने चेंडू घेऊन पुढे घुसण्याचा. तिथे 'क्वार्टरबॅक' नावाचा खेळाडू असतो. चेंडू कुणाकडे जाणार हे त्याच्या हातात असते; आपल्या मुख्य चढाईपटूसारखाच तो संघाचा कणा. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत अंतर कापले गेले नाही, तर बहुतेक प्रशिक्षक चौथा प्रयत्न न करता चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करीत आले आहेत. क्वार्टरबॅकला लांब फेक करू द्यायची नाही, चेंडू जवळच्या गड्याच्या हाती देऊन गर्दीत दोन पावले घुसायचे, आणि जमले नाही की लाथाडून मोकळे व्हायचे. तिथले प्रेक्षकही आपल्यासारखेच कपाळावर हात मारून घेतात.

आपल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल, पण या प्रश्नाचा सांगोपांग अभ्यास एका अर्थशास्त्रज्ञाने केला. बर्कली येथील प्राध्यापक डेव्हिड रोमर यांनी तिथल्या व्यावसायिक सामन्यांतले चौथे प्रयत्न तपासले. 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या नियतकालिकात २००६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, चेंडू लाथाडण्यापेक्षा चौथा प्रयत्न करणे ज्या प्रसंगी अधिक फायद्याचे होते, अशा अनेक प्रसंगीही संघ चेंडू लाथाडून मोकळे होत होते. विजयाची शक्यता कमी करणारा निर्णय हुशार, अनुभवी, भरपूर पगार घेणारी माणसे वर्षानुवर्षे घेत राहिली. असे का व्हावे?

माझ्या मते याचे कारण डावपेचात शोधून सापडणार नाही. ते माणसाच्या मनात आहे. धाडस करून हरलेल्या प्रशिक्षकाकडे बोट दाखवता येते. अमक्या क्षणी याने अमुक केले म्हणून सामना गेला, असे सांगता येते. सावधपणे हरलेल्याकडे बोट दाखवायला क्षणच सापडत नाही. त्याचा पराभव तीस-तीस सेकंदांनी होत असतो. कुणी म्हणते मुलांचा दम कमी पडला, कुणी म्हणते पंच बरोबर नव्हते, कुणी म्हणते नशीब. दोष वाटला जातो आणि प्रशिक्षक सुरक्षित राहतो. ही भीती हरण्याची नसते. हरल्यावर आपले नाव निघेल, याची असते. आणि त्या भीतीची किंमत मोजतो तो चढाईपटू. कारण 'करो या मरो' चढाईत पकडला गेल्यावर साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळतात, आधीच्या दोन रिकाम्या चढायांचा हुकूम देणाऱ्यावर नाही.

आणि इथे आपणा प्रेक्षकांनाही आरशात पाहिले पाहिजे. प्रशिक्षकाला ही भीती शिकवली कुणी? १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आठवावा. जमैकातल्या पहिल्या कसोटीत पावसाने पहिला दिवस वाया गेला. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या बळावर भारताने ३८७ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत संपला. आघाडी १७०. सामना चार दिवसांचा उरल्यामुळे फॉलोऑनसाठी दीडशेची आघाडी पुरेशी आहे, हे हेरून अजित वाडेकरांनी गॅरी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. तोवर भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत एकदाही हरवलेले नव्हते. तो सामना अनिर्णित राहिला. म्हणजे केवळ धावफलक पाहणारा म्हणेल, त्या धाडसाने काय साधले? पण पुढचीच पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने जिंकली आणि ती मालिकाही. त्याच वाडेकरांच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गेल्या, लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला. ज्यांना डोक्यावर घेतले त्यांच्यावरच लोक उलटले, आणि वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. निर्णय कसा घेतला हे न पाहता निकाल काय लागला एवढेच पाहणारे आपण लोक असू, तर आपल्या कर्णधारांनी आणि प्रशिक्षकांनी बिळात शिरून बसावे यात नवल ते काय?

याचा अर्थ धाडस केले की विजय ठरलेलाच, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात केव्हिन केली नावाचे एक शालेय प्रशिक्षक होऊन गेले. त्यांनी चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथाडणे जवळजवळ सोडूनच दिले होते. शाळेच्या संघाला त्यांनी राज्यपातळीवरची अनेक विजेतेपदे मिळवून दिली. २०२१ मध्ये तेच प्रेस्बिटेरियन कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि अकरा सामन्यांपैकी फक्त दोन जिंकले. खेळाडूंच्या अंगात बळ नसेल तर नुसत्या धाडसाने भिंत पडत नाही. उलट बाजूचे उदाहरणही त्याच देशातले. फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स हा व्यावसायिक संघ देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात उतरला, तेव्हा त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी होता. त्याच्या जागी राखीव खेळाडू निक फोल्स होता. मध्यंतर जवळ आलेले, आघाडी तीन गुणांची, आणि चौथा प्रयत्न. हमखास मिळणारे थोडे गुण घेण्याऐवजी प्रशिक्षक डग पीडरसन यांनी खुद्द या राखीव क्वार्टरबॅकलाच चेंडू झेलायला धाडले. गुण मिळाले, आणि पुढे ४१-३३ असा सामनाही. चाल ऐनवेळी सुचलेली नव्हती. तिचा सराव झालेला होता. धाडस आणि आततायीपणा यांत फरक आहे तो एवढाच. आपल्या प्रथम वर्षाच्या मुलाला हेच मिळाले नाही.

सावधपणालाही त्याची जागा आहेच. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली आहेत आणि आघाडी पाच-सहा गुणांची आहे, तेव्हा वेळ काढणे शहाणपणाचे. मैदानात आपले दोनच गडी उरले असताना मुख्य चढाईपटूने जपून राहणे योग्यच. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली तर त्यांना 'अव्वल पकडी'चा एक गुण जास्त मिळतो, हे विसरून उगाच घुसणेही बरोबर नाही. आपल्या भागातला कोणताही शेतकरी पहिल्याच सरीला घरातले सगळे बियाणे मातीत टाकत नाही. पण मृग गेला, आर्द्रा गेल्या, जमिनीला वाफसा आला, तरी बियाणे कणगीतच ठेवून 'जपून आहे' असे म्हणणारा शेतकरी आपल्याकडे एकही सापडणार नाही. कधी थांबावे हे त्याला कळते, कारण कधी पेरावे हे त्याने ठरवलेले असते. मध्यंतराला सात गुणांची आघाडी आणि वीस मिनिटे शिल्लक, ही वेळ पेरणीची होती.

कुणी म्हणेल, एका सामन्यासाठी एवढे अकांडतांडव कशाला? म्हणून शेवटी या मुलांचा विचार करावयाचा. आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आपले महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली मुले विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी म्हणून धडपडतात. तिथे निवड झाली तर आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव, अशी पुढची दारे उघडतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी कागदावर दाखवावी लागते. शहरातल्या मुलाला क्लब असतो, मॅट असते, वर्षभर सामने असतात. आपल्या मुलाला वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने मिळतात, आणि त्यांतला एक हरला की बहुधा हंगामच संपतो. निवड समितीच्या सदस्यापुढे त्या मुलाने उत्तरार्धभर रिकाम्या चढाया केल्या, तर त्याच्या नावापुढे काय लिहिले जाईल? त्याला खेळता येत नाही, असेच. तो हुकमाप्रमाणे थांबला होता, हे कोणत्याही गुणपत्रकात लिहिलेले नसते. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातल्या मुलाला ही गोष्ट परवडण्यासारखी नाही. त्याला घरी विचारणारे आहेतच, की खेळून काय मिळते?

म्हणून केवळ टीका करून न थांबता, पुढच्या हंगामासाठी आम्हा विद्यार्थ्यांच्या वतीने काही विनंत्या करतो. पहिली अशी की, निदान शेवटची पाच मिनिटे वगळता कोणतीही चढाई ठरवून रिकामी घालवू नये. संधी नसेल तर चढाईपटूने परत यावे. पण संधी पाहण्यासाठी तो गेला पाहिजे, आणि ती आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा असावा. समोर सहा-सात गडी असतील तेव्हा बोनसची संधी असते. तीही बंदी घालून दवडू नये. दुसरी विनंती, पूर्वार्धातच दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाईपटूला मैदानात उतरवावे. सामना हातात असताना त्यांनी चुका केल्या तर त्या स्वस्तात पडतात. तिसरी, प्रत्येक सामन्यातल्या चढायांची नोंदवही ठेवावी: कुणी केली, कितवी होती, काय निष्पन्न झाले. हे काम करायला आमच्या वर्गातली चार मुले-मुली आनंदाने तयार आहेत. वही आणि पेन एवढाच खर्च. आणि चौथी, मुलींच्या संघालाही हेच सारे लागू व्हावे. त्यांचा डाव वीसऐवजी पंधरा मिनिटांचा असतो, म्हणजे त्यांच्या प्रत्येक रिकाम्या चढाईची किंमत आणखी जास्त.

शेवटची विनंती आपण प्रेक्षकांना आहे. मोकळेपणी खेळताना एखादा मुलगा पकडला जाईल, आघाडी एखाद्या गुणाने घटेल, तेव्हा कडेवरून हुर्यो करू नये, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सरांच्या नावाने खडे फोडू नयेत. आम्हाला धाडसी खेळ पाहावयाचा असेल, तर त्यात वाट्याला येणारा पराभवही आम्ही पदरात घेतला पाहिजे. तेवढे आश्वासन आम्ही दिले, तर पुढच्या वर्षी मध्यंतरानंतर सरांचा हात 'थांब' म्हणून वर होणार नाही, अशी आशा करण्याचा अधिकार आम्हाला मिळेल.